अर्धा स्पंज

मंगळवार, १२ मार्च
लॉन्ड्रीच्या मागची खोली

प्रोफेसर,

सप्रेम नमस्कार. अक्षर ओळखलं असशील, आणि ओळखल्याबरोबर पत्र फाडायला हात शिवशिवले असतील. थांब. आधी वाच, मग फाड. बारीक तुकडे करायचे असतील तर मी स्वतः मदतीला येईन.

मी बरा आहे. तू कसा आहेस? नवा चष्मा नाकावर नीट बसतो का? बाबा अजून माझ्याशी बोलत नाहीत. आई त्यांना चोरून फोन करते आणि निम्मा वेळ नुसती उसासे टाकते. कॉलेज सोडल्यापासून मी आत्याकडेच आहे. सकाळी तिच्या लॉन्ड्रीतले गठ्ठे उचलतो, आणि मागच्या खोलीत मासे वाढवतो. तेच, आपले सोनमासे. मी प्रॅक्टिकल अर्धवट टाकून मासे घेऊन निघालो आणि टाकी तुमच्याकडे राहिली, तेव्हा फुटका चष्मा हातात धरून तू म्हणाला होतास, "काडेपेटी, जगवून दाखव यांना." दाखवले. त्यांची पिल्लं झाली, पिल्लांची पिल्लं झाली. आता भिंतीला लागून टाक्यांची रांग आहे आणि दुकानदार माझ्याकडूनच मासे नेतो. बढाई नाही मारत. म्हणजे मारतोय, पण आजच्यापुरतीच. उद्या मारायला काही उरेल असं वाटत नाही.

तुझा फोन लागत नाही. माझा नंबर तू बंद केलायस. तुझ्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं, वर चार शिव्या दिल्या असत्या. म्हणून हे पत्र व्हॅनच्या ड्रायव्हरकाकांबरोबर पाठवतोय. तुझ्या कॉलेजच्या बाजूला जे हॉटेल आहे, तिथल्या चादरी आमच्याकडे धुवायला येतात. काका तुला शोधून पत्र देतील आणि तू जे देशील ते घेऊन येतील.

मला आपल्या टाकीच्या फिल्टरमधला स्पंज हवाय. नवा नको. तोच जुना, चॉकलेटी, बुळबुळीत, हातात धरला की शिसारी येणारा. अर्धा दे. पाव दे. पण दे.

माझे सगळे स्पंज धुतले गेले. ब्लीचिंग पावडरच्या गरम पाण्यात.

काका मघाशी हसायला लागले. म्हणाले, "एका स्पंजासाठी एवढा गळा काढतोस? दुकानात मिळत नाही होय?" मी म्हटलं, "काका, मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच सगळं उरकतो. त्याचा अमोनिया होतो. ते विष. स्पंजावर न दिसणारे जिवाणू राहतात. एका जातीचे त्या अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषच. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, तेवढं मासा सोसतो. ते पाणी आपण मागच्या घेवड्याच्या वेलाला घालतो, आणि वेल बघा कसा माजलाय."

"म्हणजे माशांची लॉन्ड्रीच की," काका म्हणाले.

"हो. आणि त्या लॉन्ड्रीतले सगळे कामगार एका दुपारी मेले."

मग काका हसायचे थांबले.

नवीन जिवाणू आपोआप धरायला महिना तरी जाईल. माशांकडे महिना नाही. अमोनिया तपासायच्या नळीतलं पाणी थेंब टाकल्याबरोबर गडद हिरवं होतंय. मासे वर येऊन आ वासतात, जसं काही त्यांना मला काहीतरी सांगायचंय. दुकानात मिळते ती जिवाणूंची बाटली ओतून पाहिली, ती बाटलीतच मेलेली होती. दुकानदाराच्या टाकीतला स्पंज मागावा तर त्याच्याकडे रोग आलाय. फिरून फिरून तुझ्याच दाराशी येतो. नाक घासतोय असं समज. घासतोच आहे.

कुणी धुतले, ते विचारशील. आत्यानं.

तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, एका डोळ्याचं. छान झालं. किती वर्षं धुक्यात वावरत होती कुणास ठाऊक. पट्टी निघाली त्या दिवशी तिनं आधी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तोंड धुतोस की नाही रे?" मग दुकानात जाऊन इस्त्री झालेल्या चादरी उलगडून बघितल्या. "ही पांढरी? असल्या पांढऱ्या मी लोकांना देत होते?" सगळा गठ्ठा परत भिजत घातला. जन्मभर लोकांचे डाग काढत आलेली बाई. मी माल पोचवायला बाहेर गेलो होतो तेव्हा ती मागच्या खोलीत आली आणि तिला फिल्टर दिसले. इतके दिवस दिसत नव्हते ना. तिला वाटलं, पोरगं बिचारं असल्या घाणीत राबतंय. मी परत आलो तर सगळे स्पंज दोरीवर ओळीनं वाळत होते. पिवळेधमक. खाली ती उभी, पदर खोचून, कौतुकाची वाट बघत.

मी काही बोललो नाही. म्हणजे थोडंसं बोललो. ते जाऊ दे.

हे सगळं आपल्याला तोंडपाठ होतं, नाही? सर सांगायचे, आपण घेतो त्या श्वासात पाचातले चार वाटे नत्रवायू असतो. आत जातो आणि जसाच्या तसा बाहेर येतो, अंगाला कणभर लागत नाही. आपल्यातली तिसरी, ती, तेव्हा हनुवटीवरच्या तिळाशी चाळा करत आपल्या दोघांच्या मध्ये बसायची, आणि मला वाटायचं, सरांना माझं कळलंय की काय. मग तिनं घेवड्याच्या मुळावरची गाठ ब्लेडनं चिरून दाखवली होती. आत गुलाबी. "हे बघ, हवेतलं धरून ठेवतात ते हे," असं म्हणाली होती आणि गाठ माझ्या तळव्यावर ठेवली होती. तुझ्या तळव्यावर नाही. हे मुद्दाम लिहितोय.

तिचं काय चाललंय ते मला कळवू नकोस.

स्पंज घट्ट डब्यात कोंडू नकोस, आत हवा लागते. टाकीच्याच पाण्यात ओला ठेव. उन्हात नको.

शेवटी 'लोभ असावा' असं लिहायची रीत आहे. मी लिहीत नाही. तुझा लोभ नको, तुझा स्पंज हवाय.

काडेपेटी


शुक्रवार, १५ मार्च

प्रोफेसर,

काका रिकाम्या हातांनी आले.

म्हणाले, "कॉलेजात पत्ता मिळाला, घरी गेलो. साहेब बाहेरगावी गेले होते. मिसेस होत्या. पाणी दिलं, चहा विचारला, पत्र ठेवून घेतलं."

मी विचारलं, "मिसेस कशा होत्या?"

"चांगल्या होत्या बाबा. मला काय करायचंय कशा होत्या? हनुवटीवर तीळ होता. तुझं नाव काढलं तर जरा थांबल्या. मग म्हणाल्या, आल्यावर देते."

हातात बादली होती. दोन दिवस उघड्यावर ठेवून क्लोरीन घालवलेलं, टाकीत घालायचं पाणी. मी ती अंगणात उपडी केली. एवढंच सुचलं. मग त्या ओल्या मातीकडे बघत बसलो. काका म्हणाले, "काय रे, साहेबांनी लग्नाला बोलावलं नव्हतं वाटतं?" काका वाईट माणूस नाही. त्यांना दुवा जोडता येत नाही इतकंच.

आता हे पत्र कोण वाचतंय मला माहीत नाही. प्रोफेसर वाचत असेल तर: अभिनंदन, आणि आणखी काही लिहीत नाही. तू वाचत असलीस तर: मागच्या पत्रातली ती गाठीची ओळ तुझ्यासाठी नव्हती. खोटं. तुझ्यासाठीच होती, फक्त तू वाचावीस असं ठरवून लिहिली नव्हती. आता ती परत घेता येत नाही. असू दे. कुणीही वाचा, पण पुढचं नीट वाचा. मागच्या वेळी मी खरं लिहिलं नाही.

मी आत्याला थोडंसं बोललो नाही. ते वाळत घातलेले स्पंज बघितले आणि डोक्यात तिडीक गेली. तुला माहीत आहे माझं, तुझ्या चष्म्याला माहीत आहे. आधी मी स्पंज दोरीवरून ओढून काढले. ती विचारत होती, "काय झालं? स्वच्छ नाही झाले का?" आणि मी तिच्या तोंडावर ओरडलो, "तू आंधळी होतीस तेच बरं होतं."

तिचा चेहरा पडला वगैरे काही नाही. ती म्हणाली, "बरं." मग मासे का मरतील ते विचारलं. मी तणतणत सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, बादली उचलली आणि टाकीतलं पाणी काढायला लागली.

तेव्हापासून ती पाणीच बदलते आहे. विष पातळ करायला आता दुसरा उपाय नाही, हे तिला मीच सांगितलं. डॉक्टरांनी तिला बजावलंय: वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळ्याला पाण्याचा थेंब लागता कामा नये. ती दिवसभर टाक्यांवर ओणवी असते. अंगणातल्या पिंपातून बादल्या भरून आणते. मी हातातली बादली हिसकावली तर दुसरी घेते. मी म्हटलं, "आत्या, मी करतो ना." तर म्हणाली, "तूही कर. दोघं केलं तर जास्त होईल." भांडत नाही. भांडली असती तर किती बरं झालं असतं. तिच्याशी कसं भांडायचं ते मला ठाऊक आहे.

कालपासून डोळा लाल आहे. आज सकाळी पाणी येतंय त्यातून. सारखं पुसते, त्याच ओल्या हातानं. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल. म्हणाली, "यांना धड श्वास घेता येऊ दे आधी. मग येते. माझ्या हातून झालंय ते माझ्या हातानं निस्तरू दे."

"अगं मासे आहेत ते!"

"तुझे आहेत."

दुपारी माझं डोकं फिरलं. वाटलं, सगळे मासे एकदम गटारात ओतून टाकावेत. संपेल. मग तिला वाकायला कारणच उरणार नाही. मी पहिली टाकी खरोखरच उचलली. ती मध्ये येऊन उभी राहिली, एक डोळा लाल, एक धुरकट, आणि म्हणाली, "त्यांनी तुझं काय केलंय?"

मी टाकी खाली ठेवली.

लहान मासे जायला लागलेत. सकाळी पृष्ठभागावर आडवे तरंगतात आणि ती एकेक बोटांनी चाचपून काढते, कारण आता तिला नीट दिसत नाहीये. हे तिनं मला सांगितलेलं नाही. मला तिच्या बोटांवरून कळलं.

तुमच्या दोघांपैकी कुणाचाही माझ्यावर राग असेल तो राहू द्या. मी माफी मागत नाही, मागायची लायकी नाही आणि वेळही नाही. मला मासे वाचवायचेत असंही आता म्हणत नाही. मला तिला थांबवायचंय. टाकीत जिवंत स्पंज दिसला, पाणी साफ होईल हे तिला मी दाखवू शकलो, तर ती दवाखान्यात येईल. तसं तिनं कबूल केलंय. म्हणजे बघा, तुमच्या हातातल्या त्या घाणेरड्या तुकड्यावर काय टांगलेलं आहे.

काका आजच परत निघतायत. त्यांना सांगितलंय, दार उघडेपर्यंत हलायचं नाही.

काडेपेटी


शनिवार, २३ मार्च

प्रोफेसर, आणि तू,

डबा त्याच संध्याकाळी पोचला होता. उत्तर इतक्या दिवसांनी लिहितोय, कारण रोज बसत होतो आणि रोज उठत होतो.

स्टीलचा डबा, झाकणाला भोकं, भोवती ओलं फडकं. काकांनी मांडीवर धरून आणला. एका हातानं व्हॅन चालवली म्हणाले. मी विचारलं, काही सांगितलं का? "साहेब खिळा नि हातोडी घेऊन झाकणाला भोकं पाडत होते. बाईंनी ब्लेडनं स्पंज चिरला. सावलीत ठेवा म्हणाल्या." डबा माझ्या हातात देत काका म्हणाले, "कॉलेजातली टाकी केव्हाच मोडली म्हणे. हा त्यांच्या घरातल्या टाकीतला. त्यांचेही मासे आहेत तिथं, मी पाहिले."

डब्यात चिठ्ठी नव्हती. मी तळ बघितला, फडकं झटकून बघितलं, झाकण उजेडात धरलं. नव्हती. ठीक आहे.

चीर सरळ होती. अगदी सरळ, गाठ चिरली होती तशी. दोन्हीकडे सारखी जाडी. म्हणजे जेवढं ठेवलंत तेवढंच दिलंत. तुमच्या टाकीचं पाणी बिघडेल हे तुम्हाला माझ्याइतकंच कळतं. तरी बरोबर मधून चिरलात. हे मी किती वेळ हातात धरून बसलो होतो ते लिहीत नाही.

आत्याला बोलावून दाखवला. तिला नीट दिसलाच नाही. हात लावला आणि म्हणाली, "एवढासाच?" मी म्हटलं, "एवढ्यावर लाखो आहेत." त्याचे तुकडे करून टाक्यांमध्ये बांधले. मग तिनं बादली खाली ठेवली, पदरानं हात पुसले आणि म्हणाली, "चल आता कुठं जायचं ते."

डॉक्टर चिडले. आत पू झाला होता. आदल्या दिवशी आणलं असतं तर सांगता आलं असतं म्हणाले, आता सांगता येत नाही. डोळ्यात इंजेक्शन दिलं. मी बाहेर बाकावर होतो. आतून तिचा आवाज आला नाही. चार दिवस ठेवून घेतलं, मग पट्टीसकट घरी सोडलं. दुसऱ्या डोळ्यात तिचं जुनं धुकं आहेच.

अमोनिया उतरलाय. नायट्राइट अजून जांभळं दाखवतंय पण रोज फिकं होतंय. ते माशांना बाधू नये म्हणून पाण्यात थोडं मीठ घातलंय. पिल्लं जवळपास सगळी गेली. ती घेवड्याच्या वेलाखाली पुरली. जुनी जोडी वाचली, आपण तिघांनी पिशवीतून आणली होती ती. आता वर येऊन आ वासत नाहीत, तळाशी दगड उकरतात.

दवाखान्यातून आल्यावर मी तिच्यासमोर बसलो. तीन-चार वेळा घसा साफ केला. म्हटलं, "आत्या, त्या दिवशी मी जे बोललो..."

"कधी?"

"स्पंज बघितले तेव्हा."

"काय बोललास? वाफेच्या इस्त्रीचा आवाज होता बाबा, मला काही ऐकूच आलं नाही."

त्या दिवशी इस्त्री बंद होती. भिजलेला गठ्ठा वाळलाच नव्हता, इस्त्री करणार कशाची?

तिला तो आवाज हवा असेल तर असू दे. पण माझ्या कानात तो नाही. तिथं सगळं अगदी शांत आहे आणि मी ओरडतोय.

आज सकाळी म्हणाली, टाकीपाशी ने. नेलं. बाही वर करून हात पाण्यात घातला आणि चाचपडत स्पंजापर्यंत पोचली. बोटं तिथंच ठेवली.

"घाण आहे का रे?"

"मस्त घाण आहे."

"बुळबुळीत लागतंय."

"लागू दे."

"हे धुवायचं नाही ना?"

"नाही."

"मला आधी सांगायचं होतंस," ती म्हणाली. पहिल्यांदाच बोलली असं काही. मग हात बाहेर काढून पदराला पुसला. "नाही, तू सांगितलं असतंस तरी मी धुतलं असतं. डाग दिसला की मला राहवत नाही."

सोमवारी सकाळी पट्टी उघडणार आहेत. डॉक्टर काहीच बोलत नाहीत. मी विचारलं की म्हणतात, सोमवारी बघू. मला त्या खोलीत एकट्याला उभं राहवणार नाही. तिला दिसलं तर पहिला मी दिसेन. नाही दिसलं तर ती मला सांगणार नाही, छान दिसतंय म्हणेल, आणि दार कुठं आहे ते भिंतीला हात लावत शोधेल. मी तिला ओळखतो. तेव्हा कुणीतरी माझा हात धरायला हवा. दंडाला धरा, नाहीतर मी डॉक्टरांच्या अंगावर जाईन किंवा पळून जाईन, दोन्हींपैकी काय करीन ते मला आत्ता सांगता येत नाही.

तुम्ही याल का? दोघं. एकटा प्रोफेसर आला तर मला राग येईल आणि एकटी ती आली तर मला आशा वाटेल. दोघं या. काका सकाळी चादरींना येतीलच, त्यांच्या व्हॅनमधून या. डबा घासून ठेवलाय. साध्या पाण्यानं. येताना तुमचे मासे कसे आहेत तेवढं सांगा. गेले असतील तर खोटं बोलू नका. आमच्याकडे त्या कामाला आत्या आहे.

मागच्या दोन्ही पत्रांत मी जी ओळ लिहायची टाळली ती आता लिहितो. तुम्हा दोघांचा लोभ मागायचा मला हक्क नाही. पण तो मला हवा आहे. अर्धा असला तरी.

तुमचा,
काडेपेटी